फुलाबाईचं नाक

विंचूरच्या आसपास कुणाला कांद्याची चाळ फोडायची असली की पहिलं बोलावणं फुलाबाईला जायचं. ट्रॅक्टरवाला, गोण्या भरणाऱ्या बाया, व्यापाऱ्याला फोन, हे सगळं मागाहून. आधी फुलाबाई.

चाळ म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला सांगावं लागतं. जाळीच्या भिंती, वर पत्रे आणि आत खण पाडलेले, अशी लांबलचक कोठी. उन्हाळ कांदा त्यात भरायचा आणि भाव बघून पावसाळ्यात किंवा त्यानंतर काढायचा. पण आत कुठं कांदा नासला तर वरून काही दिसत नाही. एकाचं पाणी खालच्यावर, खालच्याचं त्याच्या खालच्यावर, असं करत अख्खा खण कधी बसतो ते कळतसुद्धा नाही. बरं, संशय आला म्हणून सगळी चाळ उपसावी, तर चांगला कांदाही हाताळून मार खातो. मग फोडायची की थांबायचं? हे बाहेरून सांगणारी बाई पंचक्रोशीत एकच होती.

बोलावणं आलं की बाईचा तोरा काय वर्णावा! त्या दिवशी मिश्री नाही, चहा नाही, डोक्यात फूल नाही. दारात गेल्या गेल्या घरच्यांना लांब उभं करायची. “तुमचं नाक तुमच्या कांद्याला सरावलंय. बाहेरचं नाक पायजे,” असं बजावून पदर खोचायची आणि जाळीला नाक लावून सावकाश चालू लागायची. मध्येच थांबायची. “हितं,” म्हणायची. तिथं हात घातला की हात बुळबुळीत होऊन बाहेर यायचा.

आणि विनयबिनय विचाराल तर बाईला तो ठाऊक नव्हता. “माझ्या नाकाला तोड नाय,” असं ती स्वतःच चारचौघांत सांगायची. का सांगू नये? आयतं थोडंच मिळालं होतं ते!

फुलाबाई मूळची सिन्नरकडची. लग्न होऊन विंचूरला आली तेव्हा तिला कांदा एवढाच माहीत होता की तो भाकरीबरोबर बुक्कीनं फोडून खातात. व्यापाऱ्याच्या खळ्यावर, म्हणजे माल निवडून गोण्या भरायच्या आवारात, निवडायला बसली आणि पहिल्याच आठवड्यात तिनं नासका माल चांगल्याच्या गोणीत घातला. मुकादमीणबाईनं ती गोणी सगळ्यांसमोर उलटी केली. फुलाबाई रडली, आणि मग हट्टालाच पेटली. घरी एक नासायला लागलेला कांदा खिडकीत ठेवला आणि रोज सकाळी हुंगू लागली. वास आधी कसा येतो, मग गोडसर कधी होतो, मग शिळ्या ताकावर कधी जातो, घशात कधी बसतो. सासूनं गावभर सांगितलं की सून येडी मिळाली. हिनं दुर्लक्ष केलं आणि दुसरा कांदा ठेवला. डोळ्याला सालीचा रंग कळू लागला, बोटांना मऊपणा कळू लागला, पण नाक जे तयार झालं त्याला जवाब नव्हता. नवरा लवकर गेला. त्याच नाकाच्या आणि हातांच्या जोरावर तिनं मुलाला, संतोषला, आयटीआय करवलं. आता तो ओझरला कामाला जातो.

संतोषची बायको स्नेहल. गावातल्याच शाळेत इंग्रजी शिकवते. तिला शब्दांच्या मागं लागायची खोड. कुठला शब्द कुठून आला, कुणाच्या घरातून आला, त्याचे भाऊबंद कोण, हे शोधत बसायचं आणि स्वयंपाक करता करता सासूला सांगायचं. सासू कधी ऐकायची, कधी म्हणायची, “भाजी करपंल बाई, तुझे इंग्रज बाजूला ठेव.” पण एकदा मात्र तिनं ऐकलं, आणि चांगलं कान देऊन ऐकलं.

झालं होतं असं. फुलाबाई एका हंगामापुरती परदेशी जाणारा माल भरणाऱ्या एका शेडवर निवडायला गेली होती. तिथं सगळ्या बायांना गळ्यात अडकवायला फोटोचं कार्ड मिळालं. ते हौसेनं घरी आणून तिनं सुनेपुढं धरलं.

“काय लिहिलंय गं?”

स्नेहलनं वाचलं आणि तिचा चेहरा पडला. “काही नाही आई, कंपनीचं नाव आहे.”

“ते वरती हाय. खाली काय हाय ते सांग.”

“अनस्किल्ड.” स्नेहल जरा थांबली. “म्हणजे अकुशल कामगार.”

फुलाबाईचा राग नाकावरच असायचा. “अकुशल? मी? ज्यानं छापलं त्याला सांग, माझ्या शेजारी बसून एक गोणी निवडून दाखव म्हणावं!”

“तो नाही येणार आई. पण या शब्दाची गंमत सांगू का?” स्नेहल कणीक मळता मळता म्हणाली. “स्किल हा शब्द मुळात इंग्रजांचा नाहीच. हजारएक वर्षांपूर्वी उत्तरेकडच्या थंड मुलखातले दर्यावर्दी लोक होड्या घेऊन इंग्लंडात उतरले. आधी लुटालूट केली, मग तिथंच शेती करून राहिले, सोयरिकी जुळल्या. घराघरात दोन भाषा झाल्या, आणि त्यांचे कितीतरी शब्द इंग्रजीत बसले. स्काय त्यांचा, स्किन त्यांचा, एग त्यांचा, नाइफ त्यांचा.”

“म्हंजे आभाळ, कातडी, अंडं अन् सुरी. एवढंसुद्धा नव्हतं त्या इंग्रजाकडं?”

“होतं हो, पण यांचे शब्द जास्त चालले!” स्नेहल हसायला लागली. “तर स्किलही त्यांचाच. आणि त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ हाताची करामत असा नव्हता. स्किल म्हणजे फरक. दोन गोष्टींतला फरक ओळखायचा आणि एकीला दुसरीपासून बाजूला काढायचं. आणखी मागं गेलं तर मुळाशी कापणं, फोडणं असा अर्थ निघतो. टरफलाला इंग्रजीत शेल म्हणतात, तोही त्याच घराण्यातला मानतात. इंग्रजीत आल्यावरसुद्धा कितीतरी काळ स्किल म्हणजे समज, विवेक, बरंवाईट कळणं. कारागिरीचा अर्थ नंतर चिकटला. आणि आपला विवेक तरी दुसरं काय आहे? त्याच्याही मुळाशी वेगळं करणंच आहे.”

फुलाबाईनं कार्ड उलटंपालटं करून बघितलं.

“म्हंजे निवडणं,” ती शेवटी म्हणाली.

“हो. निवडणं.”

“मग मी जन्मभर दुसरं काय केलं गं?”

दुसऱ्या दिवशी तिनं शेडवरच्या सुपरवायझरला हे सगळं ऐकवलं, होड्यांसकट. तो बिचारा म्हणाला, “मावशी, कार्डं वरून छापून येतात.” ते खरंच होतं. पण तेव्हापासून एखाद्या पोरीनं चांगला-वाईट माल एकत्र केला की फुलाबाई तिथून ओरडायची, “अगं, फरक बघ, फरक! त्यालाच स्किल म्हणत्यात.” बायांची हसून मुरकुंडी वळायची.

इथवर सगळं छान होतं. मग गेल्या उन्हाळ्यात फुलाबाईला ताप आला. चांगला आठवडाभर अंगावर राहिला, उतरला, बाई उठून कामाला लागली. एके दिवशी चुलीकडं पाठ करून बसलेली असताना दूध उतू जाऊन करपलं आणि स्नेहल बाहेरून धावत आली. “आई! केवढा वास सुटलाय!” फुलाबाईनं डोळा लागल्याचं सांगितलं. डोळा लागलेला नव्हता. ती टक्क जागी होती आणि तिला कसलाही वास आलेला नव्हता.

सून शाळेत गेल्यावर तिनं एक कांदा चिरला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. डोळ्यांना कांदा कळत होता, नाकाला कळत नव्हता. तिनं दुसरा चिरला, लसूण ठेचला, रॉकेलच्या जुन्या डब्यात तोंड घातलं. काही नाही. मग ती तिथंच भिंतीला टेकून बसली आणि तिला खरंच रडू आलं. आता कांद्याचं पाणी कुठलं आणि आपलं कुठलं, तेही कळेना.

तिनं कुणाला सांगितलं नाही. येईल परत, आज नाही उद्या येईल, असं म्हणत तिनं पावसाळा काढला. खळ्यावर डोळे आणि बोटं होती, काम चालत होतं. पण चाळीची बोलावणी थांबली नव्हती. नाही कसं म्हणायचं? फुलाबाईचं नाक गेलं म्हटल्यावर उरलं काय तिचं? दोन ठिकाणी तिनं नाटक वठवलं. जाळीला नाक लावून चालायची, पण बघायची चिलटं कुठं घोंगावतात ते, आणि तळहातानं चाचपायची, आत ऊब कुठं आहे ते. दोन्ही वेळा निभावलं. लोकांनी नेहमीसारखी वाहवा केली. त्या वाहवेनं तिला घास जाईना.

भाद्रपदात केरूनं बोलावलं. केरू आणि कुसाबाई हे पलीकडच्या आळीतले नवराबायको. कुसाबाई फुलाबाईच्या बरोबरीची, दोघी एकाच वर्षी लग्न होऊन गावात आल्या आणि एकाच खळ्यावर बसल्या. दोघांनी त्या वर्षी दुसरं काही पिकवलंच नव्हतं. सगळा जीव त्या एका चाळीत.

“वहिनी, फोडू का थांबू? भाव चढेल असं वाटतंय,” केरू म्हणाला.

फुलाबाई चाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. आदल्या दिवशी पाऊस झाला होता, वारा सुटला होता, चिलटं कुठंच बसत नव्हती. जाळी सगळीकडं सारखीच गार लागली. तिनं पाच-सहा ठिकाणी जाळीला खांदा टेकून आत हात घातला, कांदा टणक लागला. कुसाबाई लांबून तिच्याकडं बघत होती, अगदी निर्धास्त.

“ठणठणीत हाय,” फुलाबाई म्हणाली. “थांबा खुशाल.”

घरी आली. स्नेहल अंगणात दोरीवरचे कपडे काढत होती. तिनं नाक दाबलं. “आई, पदराला कसला वास येतोय? कुजका! कुठं टेकला होतात?”

फुलाबाईनं पदर हातात घेतला. खांद्याजवळ ओलसर डाग होता. तिनं तो नाकाशी नेला, काहीच आलं नाही, आणि ती तिथंच खाली बसली.

सगळं सांगून टाकलं तिनं सुनेला. ताप, दूध, चिरलेले कांदे, आधीच्या दोन चाळी, सगळं. स्नेहल तिच्याजवळ जमिनीवर बसली. पोरीचा सासूवर जीव होता, म्हणून तिला जे सुचलं ते जिवापायीच सुचलं.

“उद्या आपण दोघी जाऊ. मी सहज आले म्हणून येते. वास मी घेते आणि तुम्हाला हळूच सांगते. तुम्ही म्हणा, पुन्हा बघितलं, शंका वाटतेय. चाळही वाचेल आणि कुणाला कळणारही नाही.”

आता खरं सांगा, तुम्ही-आम्ही काय केलं असतं? कांदा वाचतोय, अब्रू वाचतेय, कुणाचं नुकसान नाही. फुलाबाईनंही मान डोलावली होती. पण भाकऱ्या थापता थापता तिचा हात मध्येच थांबला.

“स्नेहल, तू त्या दिवशी ते होडीवाल्यांचं काय सांगितलंस? फरक ओळखून बाजूला काढायचं.”

“हो.”

“मग हे काय करतोय आपण? जे मला कळतं त्याच गोणीत, जे कळत नाय तेबी कोंबून वरून तोंड शिवतोय. कुणी उलटी करून बघितली तर?” ती पुन्हा भाकरी थापू लागली. “नाय. तू चल. पण आधी मी सांगणार.”

सकाळी स्नेहलनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दोघी केरूच्या दारात गेल्या. नेमकी तिथं चार माणसं बसलेली. फुलाबाई ती माणसं उठायची वाट बघत थांबली नाही, एकदा थांबली असती तर बोललीच नसती.

“केरूभाऊ, काल मी तुमाला खोटं सांगितलं. मला वास येत नाय. उन्हाळ्यापास्नंच येत नाय. तुमच्या चाळीत सड हाय, कुठं हाय ते मला ठाऊक नाय.”

मग कुसाबाई उठली, आणि जी सुटली ती सुटली. “आमचा वर्षाचा घास हाय त्यो! तुझ्या तोऱ्यापायी आमी उपाशी मरायचं का? बरोबर बसून निवडलं गं आपण, अन् मलाच फसवलंस?” स्नेहल तापाचं सांगायला पुढं झाली, तर फुलाबाईनं तिला कोपरानं ढोसलं. ताप आला म्हणून नाक गेलं होतं, खोटं काही तापानं बोलायला लावलं नव्हतं. तिनं सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा.

कुसाबाईचा दम संपल्यावर ती म्हणाली, “नंतर आणखी बोल. आधी चाळ बघू दे. माझ्या सुनेला नाक हाय.”

स्नेहल जाळीशी गेली, आणि रडकुंडीला आली. “आई, मला सगळा कांद्याचाच वास येतोय!”

“मग कांद्याच्या चाळीत मोगरा फुलंल का? लांब श्वास घेऊ नको. थोडं थोडं हुंग, मांजरावानी. कसा येतो?”

“तिखट.”

“ते बरं हाय. पुढं हो. आता?”

“तिखटच. थांबा... थोडा गोडसर. शिळ्या रसासारखा.”

“ध्यानात ठेव. पुढं.”

“आता आंबट येतोय.”

“डोक्यात चढतो का घशात बसतो?”

स्नेहलनं आवंढा गिळला. “घशात.”

“खाली वाक. वाढला का कमी झाला?”

“कमी झाला.”

“वर चल. आणखी. जिथं मळमळंल तिथं हात ठेव.”

स्नेहलनं छातीच्या उंचीवर हात ठेवला आणि तोंड फिरवलं. फुलाबाईनं त्या हातावर आपला हात ठेवला. “केरूभाऊ, हा खण फोडा. आजूबाजूच्याला हात लावू नका.”

फोडला. वरचा कांदा टणक, बाहेरचा टणक, आणि मध्ये सगळा चिखल. तो खण गेला. पाणी शेजारच्या खणाकडं निघालंच होतं, तिथवर पोचलं नव्हतं. आणखी थोडे दिवस थांबले असते तर चाळ बसली असती. फुलाबाई दिवसभर तिथंच बसून डोळ्यांनी आणि बोटांनी जेवढा वाचेल तेवढा वेगळा काढत राहिली. कुसाबाईनं सगळ्यांना चहा दिला, तिला दिला नाही. संध्याकाळी फुलाबाई आधीच्या दोन्ही चाळींच्या मालकांकडं जाऊन तेच सांगून आली. एकानं हसून सोडून दिलं, दुसरा वाटेल ते बोलला.

धन्य आहे बाईची, असं म्हणायला सोपं आहे. पण त्यानंतर तिला एकही बोलावणं आलं नाही, तेही सांगायला हवं. गावात दोन दिवसांत सगळ्यांना कळलं. खळ्यावर बाया तिच्याकडं बघून आवाज बारीक करायच्या. स्नेहल म्हणाली, “मी येत जाईन तुमच्याबरोबर,” पण शाळा रोज कोण सोडू देणार? फुलाबाई हसून म्हणायची, बरं झालं, डोक्याचा ताप गेला. पण जेवताना अर्ध्या भाकरीवर उठायची. एवढा खणखणीत आवाज घरात ऐकू येईनासा झाला, आणि संतोषला ते घर ओळखीचं वाटेना.

मग एका सकाळी कुसाबाई दारात उभी राहिली. स्नेहलनं पाट पुढं केला.

“बसायला नाय आले,” कुसाबाई म्हणाली. बघत होती ती स्नेहलकडं, बोलत होती सासूशी. “माझ्या धाकट्या दिरानं चाळ फोडायला काढलीय. मी इचारलं, कुणाला दाखवली का? तर म्हणतो, फुलाबाईचं नाक गेलं, आता कुणाला दाखवायची.”

“खरंच हाय त्याचं,” फुलाबाई म्हणाली.

“खरं हाय तर घरात बसणार का? माझा राग गेलेला नाय, आधीच सांगते. कधी जाईल ते पण सांगता येत नाय.”

“मग आलीस कशाला?”

“काल मी एकटीच जाऊन बघितली त्याची चाळ. ह्या टोकापास्नं त्या टोकापर्यंत हुंगली.” कुसाबाईनं आता पहिल्यांदा फुलाबाईकडं बघितलं. “मला वास येतो गं फुले. पण कसला येतो ते कळत नाय. चप्पल घाल, चल. मी हुंगते, तू सांग.”

फुलाबाईला उठता उठता रडू आलं, आणि या खेपेला तिनं ते लपवलं नाही.